ईआरपी आणि पीएलएम जोडताना आधी काय ठरवावे?

आपला प्रश्न असा आहे की, कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) बऱ्याच वर्षांपासून चालू असून डिझाइन विभागाने आता पीएलएम (उत्पादनाची ड्रॉइंगे, आवृत्त्या आणि बदल सांभाळणारी प्रणाली) घेतले आहे, तर दोन्ही थेट जोडावीत की एक्सेलवर काम भागवावे. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका ट्रान्सफॉर्मर कंपनीत नियोजन विभागात आहे आणि आमच्याकडे ही जोडणी झालेली आहे. माझे मत जोडावीत असेच आहे. मात्र विक्रेत्याला बोलावण्याआधी कोणत्या माहितीचा धनी कोण, हे डिझाइन, खरेदी, उत्पादन आणि लेखा विभागांनी एकत्र बसून लेखी ठरवावे.

या दोन प्रणालींचा जन्मच वेगवेगळ्या गरजांतून झाला. ईआरपी हे मालाची गरज मोजणाऱ्या एमआरपी या नियोजन-पद्धतीतून वाढले, तर पीएलएम हे कॅडची ड्रॉइंगे आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळण्याच्या गरजेतून. त्यामुळे एकाच भागाकडे दोघी वेगळ्या नजरेने पाहतात. आमच्याकडे सोपी वाटणी आहे: भागाचा क्रमांक, वर्णन, ड्रॉइंग आणि आवृत्ती पीएलएममध्येच जन्माला येते आणि मंजुरीनंतरच ईआरपीत जाते, दर, पुरवठादार, साठा, जीएसटीसाठीचा एचएसएन कोड हे ईआरपीतच भरले जाते. एकच रकाना दोन्हीकडे बदलता येत असेल, तर कोणता आकडा खरा यावरून भांडण ठरलेलेच.

जोडणीआधी आयटम मास्टर (सर्व भागांची मूळ नोंदयादी) साफ करावा. एम12 चा 50 मिलिमीटर लांबीचा एकच बोल्ट कोणी ‘हेक्स बोल्ट’, कोणी ‘बोल्ट एम12’, तर कोणी नुसता आयएस 1364 (बोल्टचे भारतीय मानक) म्हणून नोंदवलेला असतो, आणि स्टोअरमध्ये पेटी भरलेली असतानाही खरेदीची मागणी निघते. हा कचरा जोडणीने जात नाही, उलट अधिक वेगाने इकडून तिकडे जातो.

खरी कसोटी मात्र बीओएमची, म्हणजे उत्पादनाला लागणाऱ्या भागांच्या आणि मालाच्या यादीची आहे. डिझाइनची यादी ट्रान्सफॉर्मर कसा बनलेला आहे हे सांगते, उत्पादनाची यादी तो कसा बनवायचा आहे हे सांगते, आणि पहिली यादी जशीच्या तशी ईआरपीत ओतली की नियोजन कोसळते. कोअरच्या पोलादी पत्र्यांचे डिझाइनमधले वजन निव्वळ असते, खरेदीला कापणीतली घट धरून वजन हवे असते. टाकी डिझाइनला एक जोडणी दिसते, पण ती बाहेरच्या फॅब्रिकेटरकडून जॉबवर्कने (माल आपला, मजुरी त्याची) करून घेतली, तर त्याला द्यायच्या प्लेटी वेगळ्या दाखवाव्या लागतात. तेलाचे तर आणखी निराळे. मोठा ट्रान्सफॉर्मर बहुधा तेलाविना, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून रवाना होतो आणि तेल साइटवर वेगळे पोचते. म्हणजे डिझाइनच्या यादीत लिटरमध्ये असलेले तेल उत्पादनाच्या यादीत रवानगीच्या टप्प्यावर, खरेदीच्या एककात यायला हवे. हे रूपांतर कोणी करायचे? आमच्याकडे ते उत्पादन अभियंता पीएलएममध्येच करतो, म्हणून ईआरपीकडे तयार यादी जाते. काही कंपन्या ते ईआरपीत करतात. तेही चालते, फक्त डिझाइन बदलले की दोन्ही यादींचा मेळ हाताने घालावा लागतो.

बदलाच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. समजा, रेडिएटरच्या व्हॉल्व्हचे कॉर्क-रबरचे गॅस्केट बदलून नायट्राइल रबरचे घ्यायचे ठरले. नवे गॅस्केट जुन्याच्या जागी आणि जुने नव्याच्या जागी निर्धास्त चालत असेल तर फक्त आवृत्ती बदलावी. तसे नसेल तर क्रमांकच नवा द्यावा, नाहीतर काही वर्षांनी ग्राहकाने सुटे भाग मागवले की काय पाठवायचे हे स्टोअरला कळत नाही. बदल मंजूर होण्यापूर्वीच हातातला साठा, चालू खरेदी ऑर्डरी आणि शॉपवर चढलेली जॉब (सुरू झालेली कामे) ही माहिती ईआरपीतून पीएलएमच्या पडद्यावर दिसली पाहिजे, म्हणजे जुना माल संपवायचा, सुधारून घ्यायचा की भंगारात काढायचा हे बदलाच्या नोटमध्येच लिहिले जाते. उलट दिशेने मी एवढेच येऊ देईन, आणि तेही केवळ वाचण्यापुरते.

तांत्रिक बाजू तुलनेने सरळ आहे. टीमसेंटर, विंडचिल (पीएलएम) आणि सॅप (ईआरपी) यांसारख्या प्रणालींसाठी तयार कनेक्टर, म्हणजे दोन्ही जोडणारी सॉफ्टवेअरे मिळतात. मात्र एका प्रणालीतून दुसरीत जाताना अडकलेल्या नोंदींची यादी रोज सकाळी पाहणारा माणूस नेमलेला हवा. आपल्याकडे महिन्याला मोजकेच बदल होत असतील, तर एकाच जबाबदार व्यक्तीमार्फत जाणारी ठरावीक नमुन्याची एक्सेल पुरेशी आहे. त्यात कमीपणा काही नाही. ऑर्डरगणिक डिझाइन बदलत असेल तर थेट जोडणी घ्यावी, एका उत्पादन-प्रकारापासून सुरुवात करावी, आणि कोटेशन मागताना दोहोंपैकी एका प्रणालीची आवृत्ती बदलल्यावर कनेक्टर दुरुस्त करण्याचा खर्च वार्षिक देखभालीत धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.