पान शाबूत असूनही पीक का थांबते?

प्रश्न : आमच्या कोरडवाहू पऱ्हाटीची (कपाशीची) पाने ऑगस्टअखेरीस कडेने पिवळी पडली, खाली वळली आणि आता विटकरी लाल झाली आहेत. पानाला एकही छिद्र नाही. शेजारी म्हणतात, हा लाल्या (पाने लाल पडण्याचा विकार) आहे, मॅग्नेशियम फवारा. पानाखाली मात्र बारीक हिरवट किडे तिरके पळताना दिसतात. एवढासा किडा असा किती रस पिणार, की त्याने अख्खे पान निकामी व्हावे? लाल झालेले पान पुन्हा हिरवे होईल का?
– एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : आपण पान उलटून पाहिलेत, हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे. तिरके पळणारे ते किडे म्हणजे तुडतुड्यांची पिले होत. किडा किती रस पितो, यापेक्षा तो रस पिताना पानाच्या आत काय बिघडवतो, याचा विचार केला पाहिजे; पिकाचे खरे नुकसान त्या बिघाडातून होते.

पान सूर्यप्रकाश, पाणी आणि पर्णरंध्रांतून आत येणारा कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार करते आणि ती रसवाहिन्यांमधून पात्यांकडे (फुलांच्या कळ्यांकडे), बोंडांकडे व मुळांकडे पाठवते. तुडतुडा सोंड खुपसतो तेव्हा पेशी फाटतात आणि त्याची लाळ आत उतरते. त्यामुळे शिरांजवळच्या ऊतींना इजा होऊन रसवाहिन्या तुंबतात आणि तयार झालेली साखर पानातच अडकून पडते. रुईच्या गाठी उचलल्याच गेल्या नाहीत तर जिनिंग (सरकीपासून रुई वेगळी करण्याचे काम) थांबवावे लागते. त्याचप्रमाणे साखर साठलेले पान प्रकाशसंश्लेषण मंद करते. पाणीपुरवठा विस्कळीत झाल्याने पर्णरंध्रे मिटू लागतात, कार्बन डायऑक्साइड कमी मिळतो आणि हळूहळू हरितद्रव्यही नष्ट होते. पिवळेपणा व लाली डोळ्यांना दिसते, तोवर पानाचे काम बरेच मंदावलेले असते. म्हणूनच पाते आणि लहान बोंडे गळतात.

सगळ्याच रसशोषक किडी असे करत नाहीत. मावा पेशी फारशा न फाडता थेट रसवाहिनी गाठतो. त्या रसात साखर मुबलक, पण नत्र तोकडे असल्यामुळे पोषणासाठी त्याला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त रस ओढावा लागतो आणि उरलेली साखर तो चिकट्याच्या रूपाने बाहेर टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, परंतु वर पसरून प्रकाशच अडवते, म्हणजे हिरव्या पानावर काळे कापड टाकल्यासारखे होते. पांढऱ्या माशीचेही असेच असते. फुटलेल्या बोंडांवर तिचा चिकटा पडला की रुईची प्रतही जाते. फुलकिडे पृष्ठभागालगतच्या पेशी खरवडून रिकाम्या करतात. त्यांत हवा भरते आणि पानावर चंदेरी चट्टे दिसतात.

शेजाऱ्यांचे म्हणणे मात्र सरसकट चूक मानू नये. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, त्यामुळे त्याच्या कमतरतेनेही पाने लाल होतात. पण तेव्हा लाली आधी खालच्या, जुन्या पानांवर येते आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल होतो. आपल्याकडे कडा खाली वळल्या आहेत आणि पिले दिसत आहेत, म्हणून मला तुडतुड्यांचाच संशय अधिक वाटतो. नुसत्या मॅग्नेशियमने ते जाणार नाहीत. बीटी वाणालाही (जनुक बदललेल्या कपाशीलाही) त्यांच्यापासून संरक्षण नाही, कारण त्यातील कीडनाशक प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे.

फवारणीपूर्वी शेतातील वीस झाडे निवडून प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या व खालच्या अशा तीन पानांवरील किडे मोजावेत. सरासरी दर पानी दोन ते तीन तुडतुडे आढळल्यास उपाय करावा. त्याहून कमी असल्यास पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो आणि माव्यावर जगणारे ढालकिडेही वाचतात. युरियाचा जादा हप्ता टाळावा, कारण कोवळी, लुसलुशीत पालवी या किडींना फार मानवते. रासायनिक औषध घ्यावेच लागले तर दोन-तीन औषधांचे मिश्रण मुळीच करू नका, तोंडावर मास्क आणि हातांत मोजे घाला आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे मी विसरू शकत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. पूर्ण विटकरी झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. मात्र वरची नवी पाने किडीपासून वाचली आणि जमिनीत ओल असली तर झाड त्यांच्या बळावर पुढची बोंडे पोसू शकते. म्हणून पुढची मोजणी करताना लाल पानांपेक्षा वरची हिरवी पाने आधी उलटून पाहा.