खुर्च्या रिकाम्या, तरी ‘विमान फुल’?

प्रश्न : आम्ही लक्षद्वीपला जाऊन आलो. अगत्तीहून कोचीला परतताना विमानात मागच्या दोन-तीन रांगा मोकळ्या होत्या. तरी काउंटरवर आमच्यासमोर एका स्थानिक कुटुंबाला ‘फुल आहे’ म्हणून परत पाठवलं. पुढे मी मागच्या खिडकीशी जाऊन बसले, तर हवाई सुंदरीनं उठवून मला माझ्या जागेवर बसवलं. हा काय कारभार? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी विमानांच्या लोडशीट, म्हणजे विमानात किती वजन आणि ते कुठे याच्या हिशेबाचे कागद, भरण्यात गेली. तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, कारण हेच भांडण मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पुष्कळ ऐकलंय.

विमान दोन प्रकारे फुल होतं. एक खुर्च्यांनी, दुसरं वजनानं. अगत्तीला बहुतेक वेळा दुसरा प्रकार घडतो.

मुंबईची मोठी धावपट्टी 3400 मीटरच्या वर आहे, अगत्तीची जेमतेम 1200. तुम्ही ज्या एटीआर 72 मधून आलात, त्याचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 23 टन. तेवढ्या वजनानिशी समुद्रसपाटीवर, बेताच्या तापमानातसुद्धा त्याला साधारण 1300 मीटर लागतात. अगत्तीला दुपारी हवा तापते, विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते. त्यात पट्टी पावसानं ओली असली तर थांबायला आणखी अंतर लागतं.

‘थांबायला’ हा शब्द चुकून आलेला नाही. उड्डाणासाठी धावताना वैमानिकाला एक वेग ठरवून दिलेला असतो, त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. त्याच्या आत इंजिन बिघडलं तर ब्रेक लावून पट्टीवरच थांबायचं. तो वेग ओलांडल्यावर बिघडलं तर उरलेल्या एका इंजिनावर उडायचं. दोन्ही गोष्टी त्याच 1200 मीटरमध्ये बसल्या पाहिजेत, कारण पट्टी संपली की समुद्र. मग कमी काय करणार? वजन. आमच्याकडे प्रौढ प्रवासी 75 किलोचा धरत. बॅगेचे 15 किलो मिळवले की दहा खुर्च्या रिकाम्या ठेवून 900 किलो वाचतात.

इंधनात काटकसर करता येत नाही. लक्षद्वीपमध्ये विमानतळ हा एकच. कोचीहून 450 किलोमीटरवर येऊन ढगांमुळे उतरता आलं नाही, तर शेजारचं बेट कामाचं नाही. थेट मुख्य भूमीवर परत यावं लागतं. तेवढं इंधन पोटात घेऊनच निघायचं. समोरून चांगला वारा असला की दोन-चार माणसं जास्त घेता येतात, म्हणून काल मिळालेली जागा आज मिळत नाही. त्या कुटुंबाला हे कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं ‘फुल आहे’ म्हणणं मला तेव्हाही पटायचं नाही.

आता तुमची खिडकी. विमान सी-सॉसारखं असतं : मध्याजवळ बसलेल्याचा फरक थोडा, टोकाला बसलेल्याचा खूप. कोणत्या भागात किती माणसं हे धरूनच ट्रिम, म्हणजे विमानाच्या पुढच्या-मागच्या तोलाचा हिशेब, काढलेला असतो. तुम्ही एकट्या गेलात म्हणून विमान पडलं नसतं, पण तुमचं पाहून आणखी सहा जण मागे सरकले असते आणि माझ्यासारख्याचा कागद खोटा ठरला असता. हवाई सुंदरीचं बरोबरच होतं. उड्डाणानंतर विचारून पाहायचं होतं, कदाचित बसू दिलं असतं.

प्रश्न : मग धावपट्टी लांब का करत नाहीत? — त्याच वाचक

उत्तर : कुठे करणार? उतरताना दोन्ही बाजूंना पाणी दिसलं असेल. बेट सुमारे 7 किलोमीटर लांब, रुंदीला जास्तीत जास्त एक, आणि पट्टी आहे दक्षिणेच्या निमुळत्या टोकाला. 1988 मध्ये विमानतळ सुरू झाला तेव्हा इथं 19 आसनी डॉर्नियर उतरत, त्यांना एवढी जागा पुरे. आता वाढवायची तर प्रवाळावर आणि लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाच्या मधल्या उथळ पाण्यात, भराव टाकायचा. पलीकडच्या कल्पिट्टी या निर्जन बेटापर्यंत नेण्याच्या योजनाही मांडल्या गेल्या. प्रवाळ मोडून लाटा अडवणारी भिंतच काढून टाकायची, हे माझ्या तरी गळी उतरत नाही. पण हे मी मुंबईत बसून म्हणतोय. कोचीच्या दवाखान्यात जायला जागा न मिळालेला अगत्तीकर वेगळं बोलेल, आणि जहाजाला चौदा ते अठरा तास लागतात हे तो मला सुनावेल.

प्रश्न : पुढच्या वर्षी जायचंय. काय काळजी घेऊ? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : प्रवेश परवाना आधी हातात, मगच तिकीट. बॅगेची मर्यादा तिकिटावर वाचा आणि घरच्या काट्यावर मोजूनच निघा. परतीच्या दिवशीच कोचीहून पुढची गाडी धरू नका, मध्ये एक रात्र ठेवा.