बेडका परत का पाठवला आणि ‘नॉर्मल फ्लोरा’ म्हणजे काय

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आईंचा बेडक्याचा पहिला नमुना लॅबने न तपासताच दुसरा मागितला, हा पैसे काढायचा प्रकार आहे का? दुसऱ्या नमुन्याच्या कल्चरवर (म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ‘नॉर्मल फ्लोरा’ आलंय, मग एक्सरेत दिसलेला न्यूमोनिया खोटा का? आणि डॉक्टर आता टीबीची तपासणी वेगळी का सांगतायत? मी २२ वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर आहे. सकाळचं पहिलं काम थुंकीच्या डब्या उघडायचंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नमुना परत पाठवला याबद्दल मी त्या लॅबला चांगलीच म्हणेन. झाकण उघडल्यावर आधी नुसतं बघायचं असतं. पाण्यासारखं पातळ आणि वर फेस असेल तर ती लाळ. घट्ट, पिवळसर-हिरवट, काडीला चिकटून वर येणारा असेल तर तो छातीतला बेडका. पण नुसत्या नजरेवर सोडत नाही. पुवाचा दाट ठिपका उचलून स्लाइडवर पसरतो, ग्रॅम स्टेन करतो (जंतू आणि पेशी दिसाव्यात म्हणून रंग देतो) आणि कमी पॉवरच्या लेन्सखाली पेशी मोजतो. एका फील्डमध्ये, म्हणजे लेन्सखाली एका वेळी दिसणाऱ्या गोल भागात, तोंडाच्या अस्तराच्या मोठ्या चपट्या पेशी १० च्या आत आणि पू-पेशी २५ च्या वर असतील, तर तो नमुना कामाचा. लाळेचंही कल्चर लावता येतं, त्यात काहीतरी उगवतंच. मग त्या तोंडातल्या जंतूचं नाव रिपोर्टवर येतं आणि पेशंटला भलतंच अँटिबायोटिक सुरू होतं. त्यापेक्षा परत पाठवलेला बरा. मात्र तपासणीच केली नसेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा पैसे घेऊ नयेत, हे माझं ठाम मत. तसं झालं असेल तर जरूर विचारा.

हा ग्रॅम स्टेन जन्माला आला तोच न्यूमोनियामुळे. हान्स क्रिश्चियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांत जंतू शोधताना तो बसवला आणि १८८४ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध केला. आजही आम्ही जवळजवळ तेच करतो. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, शेवटी लाल सॅफ्रनिन. पाच मिनिटांचं काम. चांगल्या नमुन्यात गुलाबी पू-पेशींच्या गर्दीत जांभळ्या जोड्या दिसतात, दोन पणत्यांच्या ज्योती बुडाला बूड लावून ठेवाव्यात तशा, आणि भोवती रंग न घेतलेलं फिकट कडं. तो न्यूमोकोकस, न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू. असं दिसलं की मी कल्चरची वाट न बघता वॉर्डात फोन करते.

कल्चरला वेळ लागतो तो लागतोच. बेडका ब्लड अगर, चॉकलेट अगर आणि मॅकॉन्की अशा, जंतूंचं खाद्य थापलेल्या तीन प्लेटवर ओढायचा आणि रात्रभर ३५ ते ३७ अंशांवर ठेवायचा. (चॉकलेट नावापुरतंच, रक्त तापवल्यामुळे आलेला तो रंग.) दुसऱ्या दिवशी मॅकॉन्कीवर गुलाबी, ओलसर वसाहत (जंतूंचा वाढलेला ठिपका) दिसली आणि लूप, म्हणजे तारेचं कडं, लावल्यावर गुळाच्या पाकासारखी तार निघाली, तर क्लेबसिएला या न्यूमोनियाच्या दुसऱ्या जंतूचा संशय येतो. मग ओळख पटवायची, अँटिबायोटिकच्या चकत्या लावायच्या आणि आणखी एका रात्रीनंतर चकतीभोवतालचं, जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. दोन-तीन दिवस जातात ते यात.

आता ‘नॉर्मल फ्लोरा’. याचा अर्थ एवढाच की या तीन प्लेटवर तोंडा-घशात नेहमी राहणारेच जंतू आले. न्यूमोनिया नाही, असं ते वाक्य म्हणत नाही. तुम्ही लिहिलंय की नमुना देण्याआधी दोन दिवस आईंना गोळ्या चालू होत्या. तेवढं कारण पुरतं. शिवाय काही जंतू या प्लेटवर येतच नाहीत. मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच (बाहेरची भिंतच) नसते, त्यामुळे तो ग्रॅममध्येही दिसत नाही. लेजिओनेला या जंतूला कोळशाची पूड घातलेलं वेगळं माध्यम लागतं किंवा लघवीत त्याचं अँटिजेन (जंतूचा अंश) शोधावं लागतं. व्हायरसचा तर प्रश्नच नाही.

उशीरही घात करतो. एका रुग्णालयात सकाळी घेतलेला नमुना एप्रिलच्या उन्हाळ्यात वॉर्डच्या खिडकीत पडून राहिला आणि दुपारी चारला माझ्याकडे आला. ग्रॅममध्ये न्यूमोकोकस स्वच्छ दिसत होता. दुसऱ्या सकाळी प्लेटवर त्याची एकही वसाहत नाही, नुसते घशात नेहमी राहणारे दुसरे स्ट्रेप्टोकोकस जंतू. तो नाजूक जंतू डबीतच मेला होता. दोन तासांच्या आत नमुना पोहोचवा, असं आम्ही कळकळीनं सांगतो ते यामुळे.

टीबीचा जंतू या प्लेटवर उगवत नाही, म्हणून ती तपासणी वेगळी. मायक्रोस्कोपखाली तो दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात, त्यामुळे स्मिअर (स्लाइडवरची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असं धरू नका. सीबीनॅट ही जंतूचं जनुक शोधणारी तपासणी त्याहून कितीतरी कमी जंतू पकडते आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही सुमारे दोन तासांत सांगते. त्याच कामाचं ट्रूनॅट यंत्र आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. द्रव माध्यमातल्या टीबी कल्चरला मात्र निगेटिव्ह म्हणण्याआधी सहा आठवडे थांबतात.

नमुना देताना आईंजवळ थांबून एकदा समजावून सांगा. आपल्या बायका चारचौघांत खाकरायला संकोचतात, तोंडावर पदर धरून हळूच थुंकतात आणि डबीत लाळच येते. त्यांना गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी एकटं उभं राहू द्या. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरायची, माउथवॉश नको. तीन वेळा खोल श्वास, तिसरा धरून ठेवायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. चमचाभर पुरे. येतच नसेल तर दवाखान्यात खारट पाण्याची वाफ देऊन काढतात.

आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट नेऊन नाव फॉर्मवर लिहून घ्या. लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण ते टीबीच्या जंतूलाही अर्धवट दाबतं आणि निदान लांबतं. मनाने बंद मात्र करू नका.