वाचकांचे प्रश्न : कॅबिनेटचे पंखे आणि मदरबोर्ड

प्रश्न : गेल्या महिन्यात दुकानातून संगणक जुळवून घेतला. कॅबिनेटला पुढे दोन आणि मागे एक असे तीन पंखे आहेत. साधे पत्र टाइप करतानाही ते पूर्ण वेगाने फिरतात आणि रात्री त्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो. मदरबोर्डवर पंख्यांसाठी दोनच हेडर (वायर जोडायच्या पिनांच्या जागा) असल्याने पुढचे दोन पंखे वाय-केबलने एकत्र जोडले आहेत. त्याने मदरबोर्डला धोका आहे का? दुकानदार म्हणतात, "पंखे असेच असतात." – एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे मान्य करण्याआधी संगणक बंद करून कॅबिनेटची बाजू उघडा आणि पंख्याच्या कनेक्टरला किती भोके आहेत ते मोजा. तीन असतील, तर त्रासाचे मूळ बहुधा तेथेच आहे. चार पिनांच्या पंख्याला 12 व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या वायरीवरून सेकंदाला सुमारे 25,000 वेळा चालू-बंद होणारा पीडब्ल्यूएम संकेत त्याचा वेग ठरवतो. तीन पिनांच्या पंख्याला ग्राउंड, 12 व्होल्ट आणि वेग कळवणारी अशा तीनच वायरी असतात. हा संकेत ऐकायला त्याला कानच नसतो. त्यामुळे हेडर पीडब्ल्यूएमवर ठेवलेला असेल, तर तो बिचारा पूर्ण 12 व्होल्टवर धावत राहतो.

यासाठी संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जा, पंख्यांच्या विभागात त्या हेडरचा मोड डीसी करा, म्हणजे मदरबोर्ड व्होल्टेज कमी करूनच वेग उतरवील. मात्र ते फार खाली नेऊ नका, कारण फिरता पंखा ज्या व्होल्टेजवर फिरत राहतो, त्यावर थांबलेला पंखा सुरू होईलच असे नाही. बदल केल्यावर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तिन्ही पंखे फिरतात का, हे डोळ्यांनी पाहावे. वेग प्रोसेसरच्या तापमानाशी बांधलेला असेल, तर ब्राउझर उघडताच पंखे दचकल्यासारखे घोंघावतात, कारण ते तापमान क्षणात उसळते. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी मदरबोर्डचा सेन्सर निवडणे मला अधिक पटते. पंख्याची वायर मदरबोर्डऐवजी थेट पॉवर सप्लायला गेली असेल, तर बायोसमध्ये काहीही केले तरी फरक पडणार नाही.

वाय-केबलची भीती बाळगू नका. बहुतेक हेडर 1 अँपिअरपर्यंत प्रवाह देतात (मदरबोर्डच्या पुस्तिकेत खात्री करा) आणि पंख्याच्या मधल्या चकतीवरील लेबलवर त्याचे अँपिअर छापलेले असतात, 0.2 अँपिअरचे दोन पंखे 0.4 घेतील. अडचण वेगळीच आहे : वेगाची वायर दोहोंपैकी एकाच पंख्याची पुढे जाते, तेव्हा दुसरा बंद पडला तरी बायोसला कळत नाही. तीन आणि चार पिनांचे पंखे मात्र एकाच वाय-केबलवर एकत्र जोडू नयेत.

प्रश्न : पंख्याच्या रंगीत दिव्यांची वेगळी वायर कोठे लावावी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी व्होल्टेज वाचा. तीन पिनांची एआरजीबी वायर 5 व्होल्टची, तर चार पिनांची आरजीबी 12 व्होल्टची असते. 5 व्होल्टचे दिवे 12 व्होल्टच्या हेडरवर जबरदस्तीने बसवले की ते जळतात.