वाचकांचे प्रश्न : धारावीतली साथ कोणी आवरली?

प्रश्न : २०२० मध्ये धारावीतली कोरोनाची साथ पालिकेने आवरली, की निम्म्याअधिक लोकांना लागण होऊन ती आपोआप ओसरली? आमच्या चाळीत अजून वाद चालतो.

उत्तर : ‘निम्म्याअधिक’ ज्यावरून म्हणतात, तो ५७ टक्के हा आकडा मुळात धारावीचा नाही. जुलै २०२० च्या रक्ततपासणीत माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर विभागांतल्या झोपडपट्ट्यांत एवढ्या लोकांत प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडली. तिथल्याच इमारतींत १६ टक्के. फरकाचं मोठं कारण दाटीवाटी आणि सार्वजनिक शौचालयं. एकच कडी, एकच नळ शेकडो हात धरतात.

दहा बाय दहाच्या खोलीत ‘घरीच वेगळे राहा’ हा सल्ला फोल होता. म्हणून धारावीत पालिकेने दारोदार ताप तपासला, बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) लावला, संशयितांना शाळा-सभागृहांत हलवलं. रुग्ण लवकर सापडले, हे श्रेय नाकारणं अन्यायाचं आहे. पण टाळेबंदीत रोजगार बुडून हजारो मजूर गावी गेले, गर्दी त्यानेही घटली. ती किंमत त्यांनी मोजली. चाळीतल्या वादात तिचीही नोंद हवी.