कुठल्या ओळीत, ते दाखव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचून काढली. पुढून कविता, मागून टिपणं, आणि टिपणांची पानं आता कवितांपेक्षा जास्त झाली आहेत. 'कवितेविषयी इतकं वाचलं आणि आता ओळ सुचत नाही, सुचली तर खरी वाटत नाही. हे वाचणं सोडून देऊ का?' असं तू विचारलं आहेस. सोडू नकोस. पण असं वाचूही नकोस.

कवी-समीक्षक मर्ढेकरांची लयतत्त्वं, म्हणजे कवितेचे भाग एकमेकांशी कसे जुळतात याची तत्त्वं, तू नीट उतरवली आहेस: संवाद, विरोध, समतोल. 'भावनानिष्ठ समतानता', म्हणजे वेगळ्या गोष्टी सारख्या भावनेने जोडल्या जाणं, याखाली तर दोन रेघा मारल्या आहेस. शेजारी एकाही कवितेची एकही ओळ नाही. मग तुला कळलं काय? कुठल्या ओळीत आहे ही समतानता? कुठल्या शब्दावर बोट ठेवशील? बोट ठेवता येत नाही तोवर ते वाक्य मर्ढेकरांचंच आहे, तुझं झालेलं नाही.

मर्ढेकरच घेऊ. 'पिपात मेले ओल्या उंदिर.' या ओळीवर बोलणारे यंत्रयुगावर बोलतात, मरणावर बोलतात, किळसेवर बोलतात. बोलू देत. तू आधी मात्रा मोज: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ किंवा अनुस्वाराच्या अक्षराची दोन. पिपात, चार. मेले, चार. ओल्या, चार. उंदिर, चार. सोळा मात्रांचं सरळ पादाकुलक वृत्त. आता त्या 'दि'वर बोट ठेव. आपण 'उंदीर' म्हणतो, लिहितोही तसंच. तिथे दीर्घ केलास तर सतरा मात्रा होतात आणि ओळ ठेचकाळते. परंपरा मोडणारा म्हणून ज्याची ख्याती, तो कवी एका मात्रेसाठी ऱ्हस्वदीर्घ सांभाळतो आहे! मेलेले उंदीर इतक्या शिस्तीत, अशा गोड ठेक्यात समोर येतात म्हणून तर अंगावर काटा येतो. आता 'विरोध' म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला हवं का?

तू बहिणाबाईंचं नाव पुढे केलं आहेस. त्यांनी कुठे छंदशास्त्र वाचलं होतं, म्हणतेस. खरं आहे, त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर, 1952 साली. पण 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' मोजून बघ. आठ अक्षरं, पुन्हा आठ अक्षरं. पुढच्या चटक्याच्या ओळीतही तेच. हे आपोआप झालं असं तुला वाटतं? जात्यावर बसून ओव्या म्हणता म्हणता त्यांच्या कानात आयुष्यभर मुरलेलं माप आहे ते. तुझ्या-माझ्या घरात जातं नाही, पहाटेची ओवी नाही. त्यांना जे कानाने मिळालं ते आपल्याला वाचून, मोजून, म्हणून मिळवावं लागतं. त्यासाठीच वाचायचं. बहिणाबाईंचं नाव आळसासाठी वापरलेलं मला अजिबात खपत नाही.

मी हे इतकं का लावून धरतो? आम्हाला काव्यशास्त्र शिकवलं ते व्याख्यांनी. रसांची नावं, अलंकारांचे प्रकार, प्रत्येकाला ठरलेलं एक उदाहरण, की झाला पेपर. वर्गात कुणी एखादी ओळ घोळवून, थांबून, पुन्हा म्हणून दाखवली नाही. ती वर्षं कोरडी गेली याची हळहळ अजून वाटते, कारण कान त्या वयात तयार होतो. पुढे होतो, पण फार सावकाश. म्हणून मी शिकवायला लागलो तेव्हा अख्खा तास एका अभंगावर घालवायचो. पोर्शन मागे राहतो अशा तक्रारी झाल्या. 'हे मुलांना अक्षरं मोजायला लावतात,' असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. मी ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही ते बरंच केलं. 'सुंदर तें ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनियां.' सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक तुला पुढे ढकलतं आणि चौथ्यात दोन अक्षरं कमी पडतात. त्या रिकाम्या जागेत आवाज थांबतो, आणि ओळही विठ्ठलासारखीच उभी राहते. ज्या मुलांनी हे बोटांवर मोजलं, त्यांना आशय आणि रूप यांच्या नात्यावर माझं टिपण लागलं नाही.

वृत्तातच लिही असा माझा आग्रह नाही, हेही सांगून ठेवतो. मुक्तछंद लिही, पण ओळ तिथेच का तोडलीस याचं उत्तर तुझ्याकडे हवं. 'तसं वाटलं' हे पहिल्या खर्ड्याला चालेल, शेवटच्या खर्ड्याला चालणार नाही.

आता आजीवरची कविता. 'आजीनं चष्मा काढला की घर लहान होतं' ही ओळ तू खोडलीस आणि शेजारी लिहिलंस, 'प्रतिमा संदिग्ध'. कुणी शिकवलं तुला हे? आजीला चष्म्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही, तेवढंच तिचं घर उरतं. यात संदिग्ध काय आहे? आणि तिच्या जागी काय आणलंस, तर 'अस्तित्वाचं विराण वाळवंट'. त्यातल्या एका तरी शब्दावर बोट ठेव आणि सांग, हा माझ्या आजीचा आहे. नाही सांगता येणार. तुझं वाचन जिथे तुझ्या डोळ्यांपेक्षा मोठं झालं ती ही जागा. माझा राग तुझ्यावर नाही, पोरी. अशी ओळ हाती आलेली असताना ती खोडली गेली, याचा आहे.

टिपणांची वही बंद करू नकोस. यापुढे उजव्या पानावर सिद्धान्त लिही आणि डावं पान ओळीसाठी मोकळं ठेव. डावं पान महिनाभर कोरंच राहिलं तर उजवं फाडून टाक.

वही पोस्टाने परत पाठवतो आहे. कवितांवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. पटणार नाहीत त्या खोडून टाक, पण कुठली खूण कुठल्या शब्दासाठी खोडलीस ते मला कळव.

तुझा,
सर