फॉन्ट बदलला आणि रफार कापला गेला

प्रश्न : वडिलांच्या आठवणी मी वर्डमध्ये टाइप केल्या आहेत, सव्वाशे पानं. ‘कोकिला’ फॉन्ट त्यांना बारीक वाटला म्हणून सगळा मजकूर ‘मंगल’मध्ये नेला, माप १६च ठेवलं. आता रफार-वेलांट्यांचे शेंडे कापलेले दिसतात. ओळींचं अंतर ‘सिंगल’ केलं तर पानं फार वाढतात. काय करू?

उत्तर : तुमच्या फाइलमध्ये अंतर ‘एक्झॅक्टली’वर असणार. तिथे जो आकडा टाकला तेवढीच जागा ओळीला मिळते, मग फॉन्ट कितीही उंच असो. त्या जागेत न मावलेला भाग कापला जातो. ‘सिंगल’ हे मात्र ठरावीक माप नव्हे. अक्षराच्या वर-खाली किती जागा सोडायची ते फॉन्टमध्येच भरलेलं असतं, आणि ‘मंगल’ त्या बाबतीत फार ऐसपैस आहे. म्हणून पानं वाढली.

हा कापलेला शेंडा मी फार मनावर घेते. मी अक्षरजुळणी करते. एका स्मरणिकेत ‘मूर्तींची’ या शब्दावरचा अनुस्वार असाच गेला आणि छापून आलं ‘मूर्तीची’. अनेक मूर्तींची एकच झाली! ‘र्तीं’वर वेलांटी, रफार, अनुस्वार असे तिघं एकाच ठिकाणी बसतात, म्हणून अंतर तपासायला मी अजूनही हाच शब्द टाइप करते. त्याच्या वरच्या ओळीत ‘कृष्णू’सारखा खाली लोंबणारा शब्द ठेवते. दोन्ही एकमेकांना न भिडता नीट दिसले की अंतर बरोबर.

तुम्ही आधी अक्षराचं माप उतरवा. त्याच मापात ‘मंगल’ ‘कोकिला’पेक्षा बराच थोराड दिसतो, १६ऐवजी १२ पुरेल. हा बदल ‘नॉर्मल’ स्टाइलमध्येच (साध्या मजकुराच्या मूळ मांडणीत) करा, म्हणजे सव्वाशे पानं एकेक करून धुंडाळावी लागणार नाहीत. देवनागरीचा फॉन्ट आणि माप तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या रकान्यात असतं. बरेच जण वरच्याच रकान्यात बदल करतात आणि काहीच हललं नाही म्हणून हैराण होतात. मग पॅराग्राफमध्ये लाइन स्पेसिंग ‘मल्टिपल’ करून ०.९ टाका. शेंडे कापले गेले तर ०.९५. एक पान छापून बघितल्याशिवाय आकडा पक्का करू नका.

एवढं करूनही मध्येच एखादी ओळ सुटी सुटी दिसेल. ओळीतल्या सगळ्यात उंच फॉन्टप्रमाणे वर्ड तिची उंची ठरवतो. त्यामुळे एखादं इंग्रजी नाव, इतकंच काय, दुसऱ्या फॉन्टमध्ये राहून गेलेली मोकळी जागासुद्धा ओळ फुगवते. ती ओळ निवडून कंट्रोल आणि स्पेसबार एकत्र दाबा. त्याने ओळीला वेगळा दिलेला फॉन्ट आणि माप निघून स्टाइलमधलं लागू होतं. ठळक केलेले शब्दही साधे होतील, ते मात्र पुन्हा ठळक करावे लागतील.